प्लगातला डबा आणि दोनशे युनिटं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं एवढंच: हा छोटा डबा प्लगात लावा, आतला कंडेन्सर (थोडी वीज साठवून परत सोडणारा भाग) लाइनीतले झटके साठवून घराला परत देतो, मोटरची वाया जाणारी ठिणगी वाचवतो, बिल चाळीस टक्के उतरतं, वीज कडाडली तरी टीव्हीला काही होत नाही. आणि पुरावा? प्लग काढल्यावरही डब्याचा दिवा क्षणभर जळत राहतो.

आपल्याकडे हा मेसेज इतका का पसरला ते कळतं. २०२३ पासून गृहज्योती आहे, घरगुती वीज फुकट देणारी कर्नाटक सरकारची योजना. पण महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की सगळंच बिल भरायचं. उन्हाळ्यात १९५ ते २१० च्या मधे लटकलेली घरं गल्लोगल्ली आहेत. माझ्या वाइंडिंगच्या दुकानात रोज कुणीतरी विचारतंच, "मामा, घेऊ काय हो एक?" शेवटी एकाचा डबा उघडला. आत ४ मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) एक कंडेन्सर, एक अगदी छोटा कंडेन्सर, दोन-चार डायोड, करंट अडवणारे एक-दोन रेझिस्टर आणि हिरवा एलईडी. संपलं.

"झटके साठवतो." आधी कंडेन्सर भरतो कसा ते घरी बघा. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकामागोमाग जोडा, कंडेन्सरवर मीटर धरा. व्होल्टेज उडी मारत नाही, चढत जातं. १० सेकंदांनी ५.७, २० सेकंदांनी ७.८, आणि ९ च्या अगदी जवळ यायला ५० सेकंद. रेझिस्टर गुणिले कंडेन्सर एवढा वेळ गेला की ६३ टक्के भरतो, हा त्याचा स्वभाव. रिकाम्या कंडेन्सरला बॅटरी एकच सेकंद लावून काढली तर जेमतेम ०.९ व्होल्ट. म्हणजे झटका जितका छोटा, तितका कंडेन्सरच्या हाती कमी लागतो. वर, पूर्ण भरेपर्यंत जेवढी ऊर्जा आत साठते तेवढीच रेझिस्टर तापण्यात जाते. साठवणुकीचा हा धंदा पहिल्यापासूनच निम्म्या तोट्याचा.

आता डब्यातला कंडेन्सर घ्या. २३० व्होल्टच्या लाइनीचं शिखर ३२५ व्होल्ट. त्या शिखरावर ४ मायक्रोफॅरडमध्ये ०.२१ ज्यूल मावतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एका युनिटासाठी हा कंडेन्सर एक कोटी सत्तर लाख वेळा भरून बाजूला ओतावा लागेल. आणि बाजूला ओततोय कोण? तो सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि ज्या लाइनीतून घेतलं तिथंच परत करतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि तीच वाटी लगेच परत द्यायची, तसं.

"मोटरची ठिणगी वाचते." मोटरमधल्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, हट्ट कंडेन्सरच्या उलटा: तिच्यातला करंट एकदम थांबत नाही. वाट तोडली तर ती व्होल्टेज वाढवून, हवा फोडून पुढं जाते, तीच ठिणगी. जुन्या ट्यूबलाइटचा स्टार्टर सुटला की चोक, तीही कॉइलच, असाच शेकडो व्होल्टचा धक्का देतो आणि ट्यूब पेटते. जुन्या स्कूटरच्या पॉइंटला (इंजिनातल्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचला) कंडेन्सर असायचा तो पॉइंट जळू नयेत म्हणून, पेट्रोल वाचावं म्हणून नव्हे. तो पॉइंटला चिकटून असायचा. हा डबा बसलाय हॉलच्या प्लगात आणि ठिणगी पडते विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये! बरं, दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला कर्नाटकात वीज फुकटच आहे. तिथं वाचवणार काय?

"बिल चाळीस टक्के कमी." इथं विकणारा माणूस हुशार असतो. तो जुनी चोकवाली ट्यूब लावतो, वायरीला क्लॅम्प मीटर अडकवतो आणि दाखवतो: ०.४ ॲम्पियर. डबा लावला की ०.२. लोक तोंडात बोट घालतात. आकडे खोटे नाहीत, मीही करून बघितलं. चोकमधला करंट व्होल्टेजच्या मागं रेंगाळतो, कंडेन्सरचा पुढं पळतो. दोघं शेजारी आले की आपसातच देवघेव करतात आणि लाइनीतून येणारा करंट उतरतो. पण घरचं मीटर ॲम्पियर मोजत नाही, खरी खपलेली वीज मोजतं. त्याच्यावर लुकलुकणारा लाल दिवा असतो; माझ्याकडच्या मीटरवर एका युनिटाला ३२०० लुकलुक असं छापलंय. बाकी सगळं बंद करून नुसती ट्यूब लावली आणि दहा मिनिटं मोजत बसलो. डब्याआधी २५. डब्यानंतर २५. बायको म्हणाली, दुसरा उद्योग नाही काय?

यात अर्धं सत्य एकच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांनी कंडेन्सरची पॅनल बसवलेली असतात, कारण त्यांच्या बिलात पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटातला किती खरोखर कामी आला ते) धरला जातो. घरच्या बिलात तो धरत नाहीत. उलट डबा स्वतः एक वॉट खात असेल तरी महिन्याला पाऊण युनिट. २०० च्या काठावर असलेल्यानं तेवढा तरी विचार करावा.

"वीज पडली तरी सुरक्षित." या एका दाव्याची मला खरंच भीती वाटते. विजेचा तडाखा काही मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात साधी सरळ वायरसुद्धा कॉइलसारखी वागते, मीटरभर लांबीला साधारण एक मायक्रोहेन्री (कॉइलपणाचं माप). ८ मायक्रोसेकंदांत ३००० ॲम्पियर चढले तर प्रत्येक मीटरवर ३७५ व्होल्ट उभे राहतात. एका खोलीतला कंडेन्सर दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीला काय वाचवणार? त्यासाठी व्हॅरिस्टर (व्होल्टेज फार चढलं की ते वळवून घेणारा भाग) असलेलं सर्ज संरक्षण आणि नीट अर्थिंग लागतं, आणि तेही जवळच पडलेल्या विजेपुढं हात टेकतं. वळवाचं आभाळ भरून आलं की प्लग उपसा, केबलची वायरही.

राहिला तो दिवा. एलईडीमागच्या छोट्या कंडेन्सरात उरलेलं तेवढं संपेपर्यंत तो जळतो, बस्स. मात्र प्लग काढल्या काढल्या त्याच्या पिनांना बोट लावू नका. पंख्याचा काढलेला कंडेन्सरही असाच चावतो, पोरांनी दुकानात एकदा तरी अनुभव घेतलेलाच असतो.

उघडलेल्या डब्यातला ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मी एका कूलरच्या मोटरला लावला. तिथं झकास चाललाय.