माल पडून आहे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो आणि, इंग्रजीत एम.ए. केल्याची शिक्षा म्हणून, परदेशी बायरांचा पत्रव्यवहारही. मालक घरी तेलुगू, लूमवरच्या कामगारांशी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलतात. तिन्ही भाषांत त्यांचं क्रियापद कधी घसरत नाही. चौथीसाठी ते माझ्या भरवशावर असतात आणि मी रजेवर असलो की पुतण्याच्या.

अशाच एका रजेत पुतण्यानं बायरला कळवलं, 'गुड्स आर लेयिंग इन द फॅक्टरी.' त्याला म्हणायचं होतं, माल तयार होऊन पडून आहे, पैसे पाठवा. बायर मिश्कील निघाला. त्यानं एवढंच विचारलं, 'लेयिंग व्हॉट?'

"ओ सर, ह्यो काय विचारलालाय?" मालकांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

"अंडी कुठायत म्हणून विचारतोय. ले म्हणजे ठेवणं, अंथरणं, घालणं. काय ठेवलं ते सांगावंच लागतं, नाहीतर ऐकणारा कोंबडी धरून चालतो. आपला माल नुसता पडलाय. त्याला लाय. पडून आहे म्हणजे लायिंग."

"लाय म्हणजे खोटं बोलणं न्हवं का?" पुतण्या म्हणाला.

"तेही लायच."

"मग आपला माल खोटं बोललालाय?"

"तू गप बे," मालक म्हणाले. "सर, आणि कालपण पडला होता म्हणायचं असलं तर?"

या ठिकाणी शहाणा माणूस विषय बदलतो. पण पगार देणाऱ्यासमोर ती सोय नसते.

"ले," मी म्हणालो.

"म्हंजे घातली अंडी!"

"नाही. काल नुसता पडला होता, म्हणून ले. काल आपण उचलून ठेवला असता, तर लेड. आणि आजवर पडत आला असेल, तर लेन."

मालकांनी चहा सांगितला. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. आपण पडणे-पाडणे, बसणे-बसवणे करतो, तसल्या जोड्या इंग्रजांकडेही जुन्या काळापासून आहेत. बसणं सिट, बसवणं सेट. पडणं फॉल, झाड पाडणं फेल. इथवर सगळं सरळ. मग फॉलचा भूतकाळही फेलच, आणि लायचा भूतकाळ ले. दोन सख्ख्या भावांना एकच नाव ठेवायचं आणि पोस्टमन चुकला की त्यालाच बोल लावायचा, असला हा कारभार.

राइज आणि रेज मात्र मालकांना एका फटक्यात समजलं, ते सिद्धरामेश्वरांच्या कृपेनं. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. ते आपोआप उभे राहत नाहीत. बाराबंदी घातलेले भक्त ते घामाघूम होऊन पेलतात. म्हणून नंदीध्वज रेज करावे लागतात. तळ्यावर सूर्य उगवतो, त्याला कुणी खांदा देत नाही. तो राइज होतो. हे ऐकल्यावर मालकांचा चेहरा उजळला. पण डोकं लगेच धंद्याकडे वळलं.

"म्हंजे आपण भाव वाढवले तर रेज?"

"हो."

"आणि आपोआप वाढले तर राइज? मग राइजच लिवा. आपण काय केलं त्यात? सुतानं केलं."

व्याकरणाचा इतका रोकडा उपयोग मला एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी सांगितला नव्हता. कामगारांनी पगारवाढ मागितली, तेव्हाही मालक राइजचीच वाट बघत बसले होते. त्यांना कोपऱ्यात गाठून रेज करायला लावलं ते युनियननं.

बॉरो आणि लेंडचा घोळ पुतण्याकडेच आहे. बायरकडून डिझाइनची फाइल हवी असली, की 'मे आय लेंड युवर फाइल' लिहितो, म्हणजे त्याचीच फाइल त्यालाच उसनी देतो. ते मी हल्ली गुपचूप दुरुस्त करतो.

हँगचं मात्र सोडलं नाही. प्रदर्शनातल्या फोटोखाली त्यानं 'टॉवेल्स हँग्ड ऑन स्टँड' लिहिलं होतं. टॉवेल टांगला की हंग, माणूस फासावर दिला की हँग्ड. मी त्याला म्हटलं, बाबा रे, या गावात तरी हे चुकू नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या आपल्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, तो शब्द त्यांचा. त्यानं दोन बोटांनी हळूहळू टाइप करून 'हंग' केलं. तो त्यानंतर चुकलेला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं.

परवा त्याच मिश्कील बायरची मेल आली. नमुने पोचले, पसंत आहेत. पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'युअर सॅम्पल्स आर लेयिंग ऑन माय डेस्क.' जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस! मी त्याच आनंदात उत्तर लिहायला घेतलं, 'लेयिंग व्हॉट?' आणि सेंड दाबायच्या आधी मालक मागं येऊन उभे राहिले.

"काय लिवलालाव?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन बघितली.

"खाली ऑर्डर किती डझनाची लिवलीया?"

मी आकडा सांगितला.

"मग घालू द्या की त्याला अंडी. तुम्ही थँक्यू लिवा."