एफ-7 दाबू नका

सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, 30 सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे, नोटीस तिच्या आधी पूर्ण 14 दिवस सभासदांच्या हातात पडली पाहिजे, आणि वार्षिक अहवाल त्याच्याही आधी तयार पाहिजे. आमच्या कमिटीत मी महिलांच्या राखीव जागेवर आहे. म्हणजे लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) कुणाला द्यायचा, टाकी कोण धुणार, पार्किंगच्या चिठ्ठ्या कधी काढायच्या यात मला कुणी काही विचारत नाही, पण "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे" असं म्हणून अहवाल मात्र दरवर्षी माझ्या गळ्यात. आता चांगलं मराठी म्हणजे काय तर मला कीबोर्डवर ज्ञ कुठे आहे ते माहितीय, एवढंच.

अहवालाचा कच्चा माल तीन ठिकाणांहून येतो. सेक्रेटरीकाका पाठकोऱ्या कागदांवर लिहून देतात, त्यात 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार असतात, कारण मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये शुद्धलेखनाचे 14 नियम केले आणि 1972 मध्ये त्यात आणखी 4 घातले ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीय पण त्यांना मान्य नाही. खजिनदार व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी पाठवतात, मधे मधे गुड मॉर्निंगची फुलं. आणि चेअरमनसाहेब फोनवर सांगतात, तेही बहुतेक मी कुकरची शिट्टी मोजत असताना.

हे सगळं मी एका फुकटच्या, ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये टाइप करते. त्याचं नाव सांगणार नाही, आमचं जे काय भांडण आहे ते आपसातलं आहे.

तर झालं असं की नवीन व्हर्जन टाकलं आणि 'थकबाकीदारांकडून' हा शब्द टाइप केला आणि स्क्रीन पांढरी. वर कंसात 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मग तेही गेलं आणि मागचा वॉलपेपर दिसायला लागला, माथेरानचा. परत उघडलं तर एक नम्र खिडकी आली, की तुमची फाईल वाचवू का, म्हटलं वाचव बाई, तिने वाचवली, फाईल उघडली, 'थकबाकीदारांकडून' सकट उघडली, आणि उघडल्या उघडल्या स्पेल चेकर आपणहून कामाला लागला, त्या शब्दापाशी आला, आणि परत माथेरान. परत उघडा, परत वाचवा, परत माथेरान. पेशंट वाचवायचा आणि त्याच खड्ड्यात परत ढकलायचा, असा तो प्रोग्रॅम.

यातून सुटायची युक्ती आहे आणि ती मला फुशारकीने सांगायचीय. वाचवायला नाही म्हणायचं, आधी एक कोरी फाईल उघडायची, तिथे शिफ्ट-एफ-7 दाबून आपोआप तपासणं बंद करायचं, आणि मगच अहवाल उघडायचा. उघडला! चालला! फक्त एफ-7 ला हात लावायचा नाही, तो दाबला की स्पेल चेकर मुद्दाम बोलावल्यासारखा येतो आणि सगळ्यांना घेऊन जातो. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. मुलाने विचारलं हे काय, म्हटलं धोका.

इथे खरं तर थांबायला हरकत नव्हती. पण मी कमिटीच्या ग्रुपवर लिहिलं, "स्पेल चेकर बंद पडलाय, अहवालाला थोडा उशीर होईल." मग काय, पाण्याच्या वेळेवरून कधी एवढे मेसेज आले नसतील. खजिनदार म्हणाले व्हायरस आहे, लॅपटॉप बंद करून ठेवा, मोबाइलजवळ नेऊ नका. सेक्रेटरीकाका म्हणाले फाईल जड झाली असेल, परिशिष्ट काढा. बी विंगमधला इंजिनिअर म्हणाला "काकू, ऑनलाइन लिहा ना, हे सगळे प्रॉब्लेमच येत नाहीत", आणि हा सल्ला त्यातल्या त्यात शहाणपणाचा होता म्हणून कुणीच त्याला उत्तर दिलं नाही. मीही नाही. आमच्याकडे जोराचा पाऊस आला की पहिल्यांदा नेट जातं, आणि अहवाल लिहायचे दिवस म्हणजे नेमके पावसाचे.

मुलगा म्हणाला, "आई, अनइन्स्टॉल कर आणि परत टाक." केलं. तासभर गेला. उघडलं, आणि काय आश्चर्य, माझा फॉन्ट तोच, माझे टूलबार तिथेच, शेवटच्या उघडलेल्या फायलींची यादीसुद्धा जशीच्या तशी. मला तर भरूनच आलं. आणि मग 'थकबाकीदारांकडून', आणि मग माथेरान.

हे का होतं ते मला नंतर कळलं, आणि ते सगळ्या मराठी माणसांना कळायला हवं असं माझं मत आहे. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी तुमची सेटिंग्ज वेगळ्याच ठिकाणी असतात, विंडोजमध्ये अ‍ॅपडेटा नावाच्या एका लपवलेल्या फोल्डरात, त्याला यूजर प्रोफाइल म्हणतात. अनइन्स्टॉल करणारा तिकडे फिरकतसुद्धा नाही. म्हणजे रीडेव्हलपमेंट झाली, बिल्डिंग नवी, लिफ्ट नवी, लॉबीत ग्रॅनाइट, आणि कमिटी तीच.

पण हे कळायच्या आधी मी लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या रस्त्यावर, जाऊन आले. पार्ल्याहून ग्रँट रोडला जायचं तर स्लो पकडावी लागते, फास्ट तिथे थांबत नाही, त्यामुळे लॅपटॉप पोटाशी धरून प्रत्येक स्टेशनवर "उतरणार का" या प्रश्नाला उत्तर देत गेले. (कागदोपत्री लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर लोक तुम्हालाच पत्ता विचारतात.) दुकानातल्या मुलाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. वरून बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल."

मी म्हटलं, अरे फक्त स्पेल चेकर.

"हो मॅडम, फॉरमॅट मारला की स्पेल चेकर पण नीट होईल."

या लोकांना शिंक आली तरी ते डोकं बदलतील. मी त्याला प्रेमाने विचारलं की दादा, एकदा उघडून तरी बघ, तर त्याने उघडलं, मराठी बघितलं, आणि म्हणाला, "मराठी टाकलंय ना, म्हणून होतंय. इंग्लिश करा." आणि त्याने खरंच इंग्रजीत चार शब्द टाइप करून दाखवले. एकही क्रॅश नाही. मला एवढा राग आला की मी परतीच्या गाडीत खिडकी मिळूनसुद्धा खूश झाले नाही. राग यायचं कारण म्हणजे, तो बरोबर होता. दोष मराठीचाच निघाला, पण मराठीचा म्हणजे मराठीच्या फायलीचा.

घरी येऊन मी सेफ मोड शोधून काढला. हेल्पच्या मेन्यूत असतो, 'रीस्टार्ट इन सेफ मोड'. यात सॉफ्टवेअर तुमची सगळी सेटिंग्ज बाजूला ठेवून कोऱ्या पाटीने सुरू होतं. केलं, अहवाल उघडला, चिकटपट्टी काढून एफ-7 दाबलं, आणि काही झालं नाही! मी ग्रुपवर टाकलं "झालं". अंगठे आले. मग लक्षात आलं की सेफ मोडमध्ये मी टाकलेली मराठी डिक्शनरीच बाजूला राहिलीय, तेव्हा तो तपासतच काही नव्हता. नुसता बसून होता. पण एवढं मात्र पक्कं झालं की चोर माझ्याच प्रोफाइलमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही.

मग रात्री जेवणं उरकून मी त्या लपवलेल्या फोल्डरात उतरले. तिथे गंमत आहे, व्हर्जन 24 च्या पुढे गेलंय पण फोल्डरचं नाव अजून '4'. त्याच्या आत 'यूजर'. मी हळूहळू आत गेले, तर माझ्या मराठी डिक्शनरीचं एक्स्टेंशन सापडलं. ते .ओएक्सटी म्हणजे आतून साधी झिपच असते. आणि तिच्यात दोन मुख्य फायली, एक .डिक आणि एक .अफ, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतात.

हे जे स्पेल चेकरचं इंजिन आहे त्याला हनस्पेल म्हणतात, लास्लो नेमेथ नावाच्या हंगेरियन माणसाने ते हंगेरियन भाषेसाठी केलं, कारण त्यांच्याकडेही आपल्यासारखीच शब्दाला शेपूट, शेपटीला शेपूट अशी रीत आहे. फायरफॉक्स, क्रोम सगळे तेच वापरतात. 1971 मध्ये स्टॅनफर्डला राल्फ गोरिन या माणसाने इंग्रजीचा स्पेल चेकर लिहिला, त्यांचं काय, डॉगला एक एस लावला की विषय संपला. आपण घर म्हणतो, मग घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा, आणि हे सगळं डिक्शनरीत एकेक करून कोण लिहीत बसणार, म्हणून .डिक फायलीत फक्त मूळ शब्द असतात आणि .अफ फायलीत नियम, की कुठल्या शब्दाला कुठली शेपूट कशी जोडायची. प्रत्येक गटाच्या वर लिहिलेलं असतं की आता पुढे इतके नियम येतायत, मोजून घ्या.

माझी .अफ फाईल मी खाली खाली नेली, आणि ती एका गटापाशी आली, 'पुढे इतके नियम आहेत' असं म्हणाली, आणि तिथेच संपली. ओळसुद्धा पूर्ण नाही. जुन्या लॅपटॉपवरून या लॅपटॉपवर सगळं हलवून देणाऱ्या एका सद्गृहस्थाने (पैसे पूर्ण घेऊन) ती अर्धीच कॉपी केली होती. जुन्या व्हर्जनने इतके दिवस ते कसं निभावलं देव जाणे, नवीन मात्र शेपटी मोजायला गेलं आणि कोसळलं. निदान माझा निष्कर्ष तरी हाच आहे, आणि रात्री एक वाजता तो खोडून काढायला दुसरं कुणी जागं नव्हतं.

पुढचं सोपं. सॉफ्टवेअर बंद केलं, 'यूजर' फोल्डरचं नाव बदलून 'यूजर_जुनं' केलं, डिलीट नाही केलं, एवढी हिंमत नाही. परत सुरू केल्यावर त्याने गुपचूप नवीन फोल्डर बनवला. नवी डिक्शनरी उतरवून टाकली. 'थकबाकीदारांकडून' टाइप केलं. खाली लाल नागमोडी रेघ आली, पण खिडकी जागेवर! त्या लाल रेघेकडे बघून मला जे वाटलं ते मी कमिटीला सांगणार नाही.

आता नव्या प्रोफाइलमध्ये माझे शिकवलेले शब्द काहीच नव्हते. इतक्या वर्षांत अ‍ॅड टू डिक्शनरी करून करून मी त्याला सगळ्या सभासदांची आडनावं, कन्व्हेयन्स, सिंकिंग फंड, वॉटरप्रूफिंग सगळं पाठ करून घेतलं होतं, ते एका वेगळ्या फायलीत असतं आणि आणताही आलं असतं, पण जुन्या फोल्डरातलं काहीही परत आणायचं नाही असं मुलाने बजावलं होतं आणि मलाही भीती होतीच. तेव्हा अहवाल लालेलाल. चेअरमनांच्या आडनावाखाली रेघ, खजिनदारांच्या आडनावाखाली रेघ, सोसायटीच्या नावाखाली तर प्रत्येक पानावर. 'दुसऱ्या' हा शब्द एका ओळीत चालला आणि पुढच्याच ओळीत लाल, कारण एक मी टाइप केलेला आणि एक व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेला. हा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे, त्याला नाही. आणि 15 ऑगस्टच्या परिच्छेदात सेक्रेटरीकाकांच्या कृपेने 'स्वातंत्र्य दीन उत्साहात साजरा झाला' असं होतं, तिथे मात्र शांतता. दीन हा शब्द त्याला येतो ना. ते मीच पकडलं. एवढी यातायात केल्यावर सुद्धा मीच.

चेअरमनसाहेब सही करायला घरी आले. चष्मा लावून स्क्रीनजवळ वाकले, पहिलंच पान, पहिलीच ओळ, आणि त्यात त्यांचं नाव.

"मॅडम, हे लाल लाल काय आहे?"

म्हटलं, काही नाही हो, ते नुसतं स्क्रीनवर दिसतं, प्रिंटमध्ये येत नाही.

"नक्की ना?"

नक्की.

त्यांनी अजून दोन पानं खाली केली. सोसायटीचं नाव, लाल. खजिनदार, लाल. त्यांचं स्वतःचं परत एकदा, लाल.

"कलर प्रिंट सांगितलीय का आपण?"

कव्हर फक्त, मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले, "सगळं ब्लॅक अँड व्हाइटच काढा. रिस्क नको."