युद्धाची पुस्तकं ढीगभर, तहाची कुठे आहेत?

सप्टेंबर 2019 च्या शेवटी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा आमच्या कांदाचाळीत उन्हाळ कांदा भरलेला होता. नाना लासलगावहून परत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, "काय रे, एवढा बांगलादेश आपला कांदा खातो, तरी तिथली माणसं आपल्यावर नाराज कशी?"

मी तेव्हा स्पर्धा परीक्षेची तिसरी फेरी मारत होतो. 16 डिसेंबर 1971, ढाका, 93 हजार युद्धकैदी, सगळं तोंडपाठ. नानांच्या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं. मी वाचलेली सगळी पुस्तकं 16 डिसेंबरलाच संपत होती. त्यानंतर त्या देशात काय झालं, त्याला आपण कसे दिसतो, यावर मी मराठीत एक ओळ वाचलेली नव्हती.

गेल्या महिन्यात नाशिकमधल्या एका पुस्तक प्रदर्शनात तोच प्रश्न घेऊन फिरलो. 62, 65, 71, कारगिल, रणगाडे, विमानं, हेर. आपल्या जिल्ह्याला हे वाचावंसं वाटणारच. देवळालीला तोफखाना, ओझरला मिग बनले. 62 च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांना 1963 मध्ये नाशिकनेच लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. युद्ध आपल्या घरचा विषय आहे. पण गोळीबार थांबल्यावर टेबलाभोवती बसून जे ठरतं, त्यावर मराठीत काही आहे का, असं विचारलं तर विक्रेत्याने पुन्हा 71 चंच पुस्तक हातात दिलं.

मग इंग्रजीत शोधलं आणि फराक्का सापडलं. कोलकाता बंदरात गाळ साचत होता, तो वाहून जावा म्हणून गंगेचं पाणी हुगळीत वळवायचं, यासाठी बांगलादेशाच्या सीमेच्या अलीकडे बांधलेला हा बंधारा. 1975 मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी, 16 मे 1976 ला, नव्वदी ओलांडलेले तिथले नेते मौलाना भाशानी राजशाहीहून हजारो लोकांचा मोर्चा घेऊन फराक्काच्या दिशेने निघाले. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी आपले जवान लढले, ते साडेचार वर्षांत आपल्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेही पाण्यासाठी. करार व्हायला 12 डिसेंबर 1996 उजाडलं. जानेवारी ते मे या काळात फराक्काला 70 हजार क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मं निम्मं, 70 ते 75 हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला 35 हजार आणि उरलेलं आपल्याला, त्याहून जास्त असेल तर आपल्याला 40 हजार आणि बाकीचं त्यांना. मुदत 30 वर्षं. म्हणजे 2026 च्या डिसेंबरात ती संपते.

हे सगळं नानांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे ते पैठणला, अन् आपण गंगापूरला."

मी पाचशे पानं वाचून जिथे पोचलो नव्हतो तिथे नाना एका वाक्यात पोचले. गोदावरीवर वर आपलं गंगापूर धरण, खाली पैठणचं जायकवाडी. जायकवाडीला पाणी सोडायचा आदेश निघाला की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आपण वरचे. आपल्या द्राक्षबागा आपल्याला दिसतात, खालच्यांची कोरडी विहीर दिसत नाही. मराठवाड्याचा माणूस चिडला की आपल्याला तो कृतघ्न वाटतो. बांगलादेशाबद्दल आपण हाच शब्द वापरतो. शेजारच्या देशाचं राजकारण समजायला नाशिककरासारखा वाचक दुसरा नाही, फक्त कुणीतरी त्याच्या भाषेत लिहायला हवं.

कांद्याचंही तेच. निर्यातबंदीनंतर काही दिवसांतच बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या आणि भर सभेत हिंदीत म्हणाल्या की, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडे लोक हसले. तिकडे इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारचा कांदा उतरायला लागला. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की परत आणायला किती वर्षं लागतात, हे बाजार समितीतला कुठलाही व्यापारी सांगेल. परराष्ट्र धोरण आमच्या चाळीत सडतं, हे मी अलंकारिक बोलत नाही, फावड्याने उपसलंय ते.

मराठी वाचकाला तहांचं वावडं आहे, हे मला पटत नाही. पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले, 12 राहिले, हे शाळेतलं पोर सांगतं. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे आपल्या नाशिकचे. दरबारात कोण कुणाशी बोलतंय, कोण फुटायच्या बेतात आहे, हे कळवणारी त्यांची पत्रं आपण दप्तर म्हणून छापली, अभ्यासली. हीच नजर कोलंबो, काठमांडू, ढाक्याकडे वळवायला काय हरकत आहे? 1948 मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या गेल्या, आपल्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' अशी अक्षरं उमटवून. रिझर्व्ह बँक त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत दोन्ही देशांची बँक होती. दोन देश वेगळे होताना तिजोरी, कागद, रेल्वेचे डबे कसे वाटले गेले, यावर मराठीत एक जाडजूड पुस्तक नको?

इंग्रजीत चांगलं लिहिलं गेलंय, मी हजार-बाराशे रुपये मोजून ते घेतो. नाना सातवी शिकलेत, रोज पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यांना हवं ते पुस्तक मला अजून देता आलेलं नाही.

तुमच्या घरी किंवा गावच्या वाचनालयात बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार यांच्यावर, युद्धापलीकडचं, कितीही जुनं मराठी पुस्तक असेल तर खाली नाव लिहा. बांगला येणारं आणि मराठीत अनुवाद करू शकणारं कुणी असेल तर त्यांनी जरूर मेसेज करावा. पुस्तक न्यायला मी स्वतः येईन, निफाडहून कुठेही.