दिसला का?

रातवा म्हणजे दिवसा पाचोळ्यात लपून बसणारा निशाचर पक्षी. तो दाखवणाऱ्याने आणि बघणाऱ्याने एकमेकांशी शक्यतो नातं जोडू नये. दाखवणारा कानाशी कुजबुजतो, "अरे, तो काय समोर! त्या वाळक्या पानाच्या डाव्या अंगाला." समोर नुसता पाचोळा. यातलं न वाळलेलं पान दाखव, असं म्हणावंसं वाटतं. पण जंगलात मोठ्याने बोलायचं नसतं, म्हणून मान डोलवायची.

मग दुर्बीण. दुर्बिणीतून तोच पाचोळा मोठा दिसतो, एवढंच. पानाच्या भोकातून डोकावणारी मुंगी दिसते, तिने तोंडात धरलेला कण दिसतो. पक्षी नाही.

"त्या दगडाकडून वर ये."

"तो दगडच आहे ना नक्की?"

"दगडच आहे रे!"

तेवढ्यात मागून कोणीतरी सुस्कारा सोडतं, "हां, दिसला! काय सुंदर आहे!" याला खरंच दिसला की चहाची घाई झालीय, कळायला मार्ग नाही. मला चहाचाच संशय जास्त.

तसा हा काही चिमणीएवढा जीव नव्हे. साधा रातवा चांगला मैनेएवढा, 24 सेंटिमीटरच्या आसपास. पण करड्या-तपकिरी अंगावर काळ्या रेघा, पाय इतके आखूड की पोट जमिनीला टेकलेलं, आणि चुगली करतील असे मोठे डोळे मिटून नुसत्या फटी ठेवलेल्या. त्या फटींतून तो आपली फजिती बघत असतो, हे जास्त झोंबतं. घरट्याची भानगड नाही. अंडी थेट जमिनीवर, तीही डागाळलेली. म्हणजे लपणं खानदानी. अगदी पायाखाली येईपर्यंत उठत नाही, उठला तरी पंखांचा आवाज नाही. थोडं पुढे जाऊन बसतो आणि पुन्हा पाचोळा होतो.

शेवटी एका पानाने श्वास घेतला. खरंच, हलकेच फुगलं आणि बसलं. "दिसला!" म्हणून शेजाऱ्याचा दंड धरला, परत बघतो तर सगळी पानं निर्जीव.

आणि एवढा मुरलेला लपणारा अंधार पडल्यावर कुठे बसावा? कच्च्या रस्त्याच्या मधोमध! त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो. हेडलाइट पडला की ते लांबूनच लालभडक चमकतात. दुर्बीण नको, वाटाड्या नको. परतताना जीपसमोर असाच एक ठाण मांडून बसला होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, ढिम्म हलेना. अखेर मीच खाली उतरलो आणि म्हणालो, "साहेब, जरा सरकून घेता का?"