डोंगर फुकट, गाडीचे पैसे

दर पावसाळ्यात महाराष्ट्रात एक वाद कुत्र्याच्या छत्रीसारखा उगवतो. सिंहगडाच्या वाटेवर वनखातं 'उपद्रव शुल्क' घेतं, कुठल्याशा धबधब्यापाशी गावकरी पार्किंगचे पैसे मागतात, कुठे जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीचा आदेश निघतो. मग 'महाराजांच्या गडावर जायला पैसे कसले?' इथून सुटलेली गाडी हमखास एकाच स्टेशनात शिरते: 'परदेशात बघा, डोंगरावर कोणी एक पैसा घेत नाही, आणि तरी सगळं चकाचक.' या वाक्याला साक्षीदार म्हणून आम्हा इकडच्यांना, म्हणजे परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना, उभं केलं जातं. उभं केलंच आहे तर साक्ष पुरी होऊ दे. सगळ्या परदेशाची नाही, इंग्लंडातल्या डर्बीशायर या एका काउंटीची.

मॅम टॉर हा इथला सगळ्यात गजबजलेला डोंगर. उंची ५१७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाही, आणि वरच्या गाडीतळापासून माथा वीस-पंचवीस मिनिटांवर. तोही फरसबंद वाटेने. डोंगराला तिकीट नाही हे खरं. तिकीट गाडीला आहे. जुने वाडे आणि डोंगर जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे सभासद असाल तर तेही माफ, पण सभासदत्वाची वर्गणी दर वर्षी भरलेली असते हे लोक सोयीने विसरतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी नऊनंतर तिथे जागा मिळत नाही. मग गाड्या रस्त्याच्या कडेला, गवतावर, वळणावर, गाडी लावायला मनाई सांगणाऱ्या पिवळ्या दुहेरी रेघांवर चढतात, समोरून येणारी बस अडकते, आणि वायपरखाली दंडाची चिठ्ठी लागते. एखादा शेतकरी आपल्या कुरणाचं फाटक उघडतो, पाच पौंड घेतो, पावती देत नाही. मावळातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको.

इथला जाणता माणूस म्हणूनच गाडी नेत नाही. शेफील्ड आणि मँचेस्टर यांच्या मधून होप व्हॅलीची रेल्वे जाते. ईडेलला उतरायचं, हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढायचं, उजवीकडे वळून धारेने मॅम टॉर गाठायचा, आणि पलीकडे कॅसलटनला उतरून चालत होप स्टेशन. दहा-अकरा किलोमीटर, रमतगमत पाच तास. गाडी साधारण तासाला एक, म्हणून चहाला बसण्याआधी वेळापत्रक बघायचं. खाली उतरताना जुन्या ए-६२५ रस्त्याचे तुकडे लागतात. डांबराचे थर एकावर एक, मधली पांढरी रेघ हातभर खाली गेलेली. या डोंगरात वालुकाश्मांच्या थरांखाली ठिसूळ शेल आहे. पाणी मुरलं की उतार सरकतो, आणि गेली काही हजार वर्षं तो सरकतोच आहे. रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त केला, शेवटी १९७९ मध्ये हात टेकले आणि कायमचा बंद केला. आता गाड्या विनॅट्स खिंडीतून जातात, जिचा चढ पाचास एक आहे आणि जिथे जड वाहनांना मनाई. आमच्या घाटांत दर जुलैला तीच दरड त्याच वळणावर पडते आणि तोच जेसीबी ती उचलतो, हे मला इथे आठवायलाच हवं का? पण आठवतं. अर्थात इथे पर्यायी खिंड शेजारीच होती हेही सांगायला हवं, आणि माळशेजला शेजारी काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

तर, फुकट. हे फुकट कसं झालं ते व्हॉट्सअॅपच्या गटावर कोणी लिहीत नाही. किंडर स्काउट हे काउंटीतलं सगळ्यात उंच पठार, ६३६ मीटर. शंभर वर्षांपूर्वी ते सरदार-उमरावांच्या शिकारीसाठी राखीव होतं. ग्राऊस या तितरासारख्या पक्ष्याच्या विणीला त्रास नको म्हणून गिरणीकामगारांनी तिथे पाय ठेवायचा नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्डजवळच्या बोडन ब्रिजच्या खाणीतून सुमारे चारशे माणसं मुद्दाम वर घुसली. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन, त्याला चार महिने. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, पण हक्काने कुठेही भटकायचा कायदा यायला २००० साल उजाडलं आणि तो इथे अमलात आला २००४ मध्ये. म्हणजे तुरुंगवासानंतर बहात्तर वर्षांनी. मधल्या काळात, २००२ साली, डेव्हनशायरच्या ज्या ड्यूकच्या आजोबांची ती जमीन होती त्याने जाहीर माफी मागितली. आणि एवढं होऊनही हा हक्क इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के जमिनीवर चालतो. बाकी ठिकाणी ठरलेल्या पायवाटेवरूनच जायचं. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा असेल तर सायकल आणि घोडाही. गडगा ओलांडायला जिथे शिडी असेल तिथूनच, फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळावर कुत्रा दोन मीटरच्या दोरीत.

आपल्याकडे बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसाला 'कुठून आला, पाणी घ्या' असं विचारायची रीत होती, अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती रीत कायद्यात लिहावी लागली नाही. इकडचा कौतुकाचा हक्क म्हणजे त्या रीतीचा कायद्यातून मिळालेला अवतार आहे, असं मी इथल्या लोकांना सांगतो. तिकडच्या लोकांना मात्र नेमकं उलटं ऐकवतो. तुलना अशीच असते, हातात माप आपलं असलं की.

किंडरबद्दल दोन गोष्टी आणखी, कारण ५१७ आणि ६३६ हे आकडे बघून सह्याद्रीतले लोक हसतात आणि मग फसतात. वर पठार आहे, सुळका नाही. पायाखाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा, काळा चिखल. वरून कोरडा दिसतो, आत गुडघाभर जातो. धुकं उतरलं की पठाराच्या पोटात दिशाच उरत नाही, म्हणून कडेकडेची वाट सोडायची नाही. ओएसचा, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचा, ओएल-१ नकाशा कागदावर हवाच, कारण थंडीत फोनची बॅटरी तासात मान टाकते. जीन्स घालायची नाही. भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. जोरदार पश्चिम वारा असेल त्या दिवशी किंडर डाउनफॉलचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं. नाणेघाटातला उलटा धबधबा बघितलेल्या माणसाला यात नवल नाही, पण गुडघे टेकून बघावंसं वाटतं खरं. वाऱ्याने उभंही राहवत नाही.

आता बंदीचं. 'इंग्रज माणूस शिस्तीचा, पाटी लावली की ऐकतो' हेही एक लाडकं वाक्य. बक्स्टनजवळ हार्पर हिलला एक जुनी चुनखडीची खाण आहे, तिच्यात निळंशार पाणी साठलेलं. ते निळं आहे म्हणून लोक पोहायला यायचे. त्याचा सामू ११.३, म्हणजे जवळपास अमोनियाइतका; तळाशी मोडक्या गाड्या, मेलेली जनावरं. पाट्या लावल्या, लोकांनी पाटीशेजारी टॉवेल वाळत घातले. अखेर २०१३ मध्ये पाण्यात काळा रंग ओतला, आणि फोटो चांगले येईनात तेव्हा गर्दी हटली. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून लोकांना हाकलणाऱ्या पोलिसांना मी एवढंच सांगेन की माणूस सगळीकडे तोच आहे. फक्त इथे त्याच्या फोटोवर घाव घातला गेला, आपल्याकडे त्याच्या पाठीवर.

आणि वर अडकलात तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. येणारी माणसं पगारी नसतात. कोणी शिक्षक, कोणी सुतार, देणग्यांवर चालणारी पथकं. आपल्या लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रची पोरं रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात, तेच काम. 'परदेशात यंत्रणा असते' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पैसे जिथे घेतात तिथे मात्र हात आखडता नसतो. त्याच ड्यूक घराण्याचा चॅट्सवर्थचा वाडा आणि बाग बघायला कुटुंबाचं तिकीट काढलं की आठवड्याच्या किराण्याचा हिशेब डोळ्यांपुढे येतो. नदीकाठचं कुरण तेवढं चालायला मोकळं, बरेच लोक तिथेच डबा सोडतात. १९५० मध्ये दहावा ड्यूक वारला तेव्हा मालमत्तेवर ८० टक्के मृत्युकर बसला. हार्डविक हॉलसारखा वाडा सरकारला देऊन त्यातून सुटका करून घ्यावी लागली. तिकीट आलं ते सांस्कृतिक वारशाच्या प्रेमाने जेवढं, तेवढंच छपराच्या शिशाच्या बिलाने. जळगावकरांनी मात्र इथल्या काचघराला नमस्कार करायला हरकत नाही. १८३० च्या दशकात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने इथे जी केळ वाढवली तिला धन्याच्या घराण्याचं नाव दिलं, कॅव्हेंडिश. आपली बसराई आणि आताची ग्रँड नैन, दोन्ही त्याच गोतावळ्यातल्या.

बक्स्टनला सेंट अॅनच्या विहिरीचं २७ अंशांचं कोमट पाणी रस्त्यावर फुकट वाहतं, आणि त्याच गावाच्या नावाची बाटली दुकानात विकत मिळते. मॉन्सल ट्रेल हा बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा साडेआठ मैलांचा सपाट रस्ता, २०११ पासून बोगद्यांसकट खुला, तोही फुकट. हॅसपला सायकल भाड्याने मिळते, बोगद्यांतले दिवे अंधार पडला की बंद होतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना व्हिसावर आणलं असेल तर त्यांना मॅम टॉरवर ओढण्यापेक्षा इथे न्यावं. बोगद्यात त्यांना खंडाळा आठवतो.

त्यांना केडलस्टन हॉलला न्यावं की नाही हे मात्र विचार करून ठरवावं. डर्बीजवळचा हा वाडा म्हणजे लॉर्ड कर्झनचं घर, वंगभंगवाला तोच. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे पुढचं राजभवन, याच वाड्यावरून बेतलेलं. आत 'ईस्टर्न म्युझियम' आहे, त्यात त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तू, आणि १९०३ च्या दिल्ली दरबारात त्याच्या बायकोने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगा. झगा पॅरिसमध्ये शिवला, पण जरीकाम आपल्या कारागिरांच्या हातचं; प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचं हिरवं कवच. आपलं काम बघायला आपण तिकीट काढून काचेसमोर उभे. संताप यावा, आणि येतोही. पण याच माणसाने १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा आणला, आणि गडांवर पुरातत्त्व खात्याची जी निळी पाटी १९५८ च्या कायद्याची धमकी देते, तिचा वंश तिथवर जातो. २०२५ च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशात गेले तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आम्ही इकडचे पुढे होतो. राजगडाच्या पायथ्याला स्वच्छतागृह कोण बांधणार आणि ते धुणाऱ्या बाईचा पगार कशातून निघणार, या प्रश्नाला मात्र आमच्यातल्या कोणी अंगठा दाखवण्यापलीकडे उत्तर दिलेलं नाही.

माझं म्हणणं तसं छोटं आहे. गडावर चढायचे पैसे घेऊ नयेत. घेतले तर मीही भांडेन. गाडी आणायचे घ्यावेत, भरपूर घ्यावेत, आणि त्यातून स्वारगेटहून सकाळी सहाला थेट पायथ्याशी जाणारी एसटी वाढवावी. यासाठी विलायतेचा दाखला लागत नाही. तो मी देतो कारण त्याशिवाय माझ्या मताला तिकडे कोणी विचारत नाही, आणि इकडे मी तिकडचाच असतो. डव्हडेलच्या दगडांवरून ओढा ओलांडताना एखादं मराठी कुटुंब मोठ्याने हाका मारत, फोटोसाठी रांग अडवत उभं राहिलं की आमच्यासारख्यांच्या मनात पहिल्यांदा येतं ते 'अरे, हळू बोला ना', आणि मग ज्या इंग्रज म्हातारीच्या भुवया आपण गृहीत धरल्या ती त्यांचाच फोटो काढून देत असते.

डिसेंबरात तीन आठवडे घरी गेलं की भाड्याची गाडी घेऊन सिंहगडावर जाणं ठरलेलं, गाडीत एसी चालू, हातात बाटलीबंद पाणी, खिडकीतून 'अरे, केवढी गर्दी झाली इथे' असं म्हणत. नाक्यावर जे शुल्क भरावं लागतं त्याला वनखात्याने काय नाव दिलंय ते वर सांगितलंच आहे. त्या नावाबद्दल तरी माझी तक्रार नाही.