घोडं खोक्यापाशी अडलंय

उघडं सर्किट चालू असलं तरी बघणाऱ्याला ते बिघडलेलंच वाटतं. खोलीचं तापमान आणि आर्द्रता मोजून वायफायवरून मोबाइलला कळवणारं माझं यंत्र उत्तम चालतं. तरीही घरात येणारा प्रत्येक जण तो हिरवा बोर्ड आणि लोंबणाऱ्या वायरी बघून हळहळतो, “काय बिघडलंय हो?” काही बिघडलेलं नाही, ते असंच असतं, असं सांगितलं की तो पुन्हा हळहळतो. या वेळी माझ्याकडे बघून.

म्हणून त्याला खोकं करायचं ठरलं. तेही बाजारातून आणल्यासारखं दिसणारं.

तयार प्लॅस्टिकची खोकी शेकडो मापांत मिळतात; आपल्याला हवं ते माप सोडून. एकात बोर्ड केसभरानं बसत नाही, त्याच्या पुढच्यात तो आत खडखडत फिरतो. स्क्रूसाठी आत उभे केलेले खुंट हटकून सगळ्यात उंच कपॅसिटरच्या वाटेत येतात. मला मोह पडला तो आयपी67 लिहिलेल्या खोक्याचा. त्यातला 6 म्हणजे धूळ अजिबात आत शिरणार नाही, आणि 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी बिनघोर. आर्द्रता मोजणारं यंत्र असल्या खोक्यात कोंडलं, तर बाहेर पाऊस पडो की ऊन, ते आपल्या पोटातली हवामानवार्ताच देत बसणार. हवा यावी म्हणून भोकं पाडावीत, तर पहिल्याच भोकाला 67 संपुष्टात.

मन मात्र अ‍ॅल्युमिनियमवर बसलं होतं. धातूचं खोकं हातात दिलं की माणूस आधी ते किंचित तोलून बघतो आणि मग तुमच्याशी जरा अदबीनं बोलू लागतो. पण 1836 साली मायकेल फॅरेडेनं धातूच्या वर्खानं मढवलेली एक खोली उभारून दाखवून दिलं, की बाहेर विजेचा कितीही थयथयाट चालला तरी आत त्याचा पत्ता लागत नाही. माझं वायफायही त्याच न्यायानं आतल्या आत गुदमरलं असतं. मग अँटेना बाहेर काढा, म्हणजे आणखी एक भोक. वर देखणं अ‍ॅनोडायझिंग करून घ्यावं, तर तो ऑक्साइडचा थर विजेला रोधक. अर्थिंगचा स्क्रू लावायचा तर जे हौसेनं चढवलं तेच तिथे खरवडायचं. मल्टिमीटरच्या तारा त्या चकचकीत पृष्ठभागावर टेकवल्या तर तो चक्क सांगतो, इथे धातू नाही.

तरी पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलोच.

“माप आतलं की बाहेरचं?” त्यांनी विचारलं.

प्रश्न दिसतो तितका भोळा नाही. पत्रा वाकताना बाहेरून ताणला जातो, आतून दाबला जातो. त्यामुळे सपाट पत्रा किती कापायचा याचं गणित वेगळं असतं. शिवाय वाचून वाचून मी निवडलेला 6061-टी6 हा मजबूत जातीचा पत्रा तीक्ष्ण काटकोनात वाकवला की तडकतो. वाकवायला 5052 घ्या, असं त्यांनी एका वाक्यात सांगून माझ्या अभ्यासाचा निकाल लावला.

“किती नग?”

“एक.”

त्यांनी कानावरचं पेन्सिलीचं तुकडं काढलं होतं, ते परत कानावर ठेवलं.

(इंजेक्शन मोल्डिंगवाल्यांकडे मी गेलोच नाही. तिथे आधी पोलादाचा साचा कोरतात. “एक” म्हटल्यावर त्यांनी काय केलं असतं याची कल्पना करवत नाही.)

एका नगाला नाक न मुरडणारा एकच प्राणी म्हणजे मित्राचा थ्रीडी प्रिंटर. हवा तो आकार, हवी तिथे भोकं. पण 0.2 मिलिमीटरच्या थरांच्या रेघा अंगभर मिरवत खोकं बाहेर येतं आणि ते घरी केलंय हे लांबूनच ओळखू येतं. मग पॉलिश पेपर: 120 नंबर, 240, 400, मध्ये प्रायमर, पुन्हा 400. प्रिंटरमधलं प्लॅस्टिक एबीएस जातीचं असेल तर अ‍ॅसिटोनच्या वाफेवर गुळगुळीत होतं. पीएलए या दुसऱ्या जातीला ती वाफ फारशी बाधत नाही, हातानंच घासावं लागतं. आणि एवढं घासलेलं पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या बंद गाडीत ते विसरलात, की त्याला स्वतःचा वेगळा आकार सुचतो.

अ‍ॅक्रिलिक लेझरवर असं कापलं जातं की कडा काचेसारख्या चमकतात. बोटांचे ठसे पुसायला स्पिरिटचा बोळा फिरवला, की त्याच कडांवरून बारीक तडे आत पसरतात. शिवाय ते पारदर्शक. माझं सोल्डरिंग झाकण्यासाठी तर हा सगळा खटाटोप चालला होता!

पण खरं सांगायचं तर वस्तू दिसते ती कशाची केलीय यावरून नव्हे, तिची भोकं कशी आहेत यावरून. गोल भोक सज्जन असतं. ड्रिल थोडं सरकलं, कडेला बारीक कुसळं राहिली, तरी वर वॉशर आणि नट बसतो आणि सगळं पोटात घालतो. चौकोनी भोकाला कोणी पोटात घालत नाही. यूएसबी-सीचं तोंड सुमारे 9 मिलिमीटर रुंद आणि सव्वातीन उंच. आधी ओळीनं बारीक भोकं, मग कानस. डावी बाजू जरा तिरकी वाटते, म्हणून तिला घासा; आता उजवी अरुंद दिसते; ती घासली की वरची हसू लागते. शेवटी सगळं काटकोनात येतं तेव्हा भोक एवढं झालेलं असतं की त्यातून यूएसबी आतबाहेर येरझाऱ्या घालेल. आणि भोक नेमकं जमलं, तर भिंत 3 मिलिमीटर जाड निघते. केबलचं प्लॅस्टिकचं डोकं बाहेरच अडतं आणि पिन आत पोचत नाही. म्हणून माझा हट्ट असा, की स्विच असो वा डिस्प्ले, कॉलर असलेलाच घ्यावा. कॉलरीखाली कानशीचे बरेच प्रताप झाकले जातात.

राहिली अक्षरं. लेबल मशीनची पांढरी पट्टी चिकटवली की उत्तम खोकंही कचेरीतल्या फाइलींच्या रांगेत जाऊन बसतं.

यावर तोडगा निघाला तो सर्किट बोर्डच्याच कारखान्यात. तयार प्लॅस्टिकचं खोकं घ्यायचं, त्याची पुढची-मागची पट्टी काढून टाकायची आणि त्या मापाच्या पट्ट्या 1.6 मिलिमीटर जाडीच्या एफआर4मध्ये (सर्किट बोर्ड ज्याचे करतात ते काचतंतूंचं पान), बोर्ड म्हणूनच करून घ्यायच्या. वर काळा मास्क, म्हणजे बोर्डवर असतो तो रंगाचा थर, त्यावर पांढरी छापील अक्षरं, आणि चौकोनी भोकं यंत्रावर कातलेली. कोपरे आतून किंचित गोल येतात, तेवढ्यानं उलट रुबाबच वाढतो. वायफायला आडकाठी नको म्हणून तांब्याचा थर नाही. सेन्सर मागच्या जाळीशी, बाकी उष्ण मंडळींपासून दूर.

ऑर्डरच्या फॉर्मवर तोच प्रश्न होता: किती नग? फक्त तिथे “एक” हा आकडाच नव्हता. सुरुवातच 5 पासून.

पट्ट्या आल्या, बसल्या, आणि काय सांगू, देखण्या दिसल्या. मुलगी उरलेल्या चार हातात खेळवत म्हणाली, “बाबा, मग अजून चार यंत्रं कर ना.” मलाही पटलं. सेन्सर मागवले, बोर्ड मागवले, स्क्रूसुद्धा मोजून मागवले. खोकी मागवायला गेलो तर कळलं, ते मॉडेल बंद झालंय. नवं आलंय, अगदी तसंच. फक्त 2 मिलिमीटरनं अरुंद.