बायांना विकाऊ म्हणणाऱ्यांनो, नानांची वही बघा

आज सकाळी आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकानं मेसेज टाकला. "आपल्याकडच्या बाया दीड हजारात विकल्या जातात आणि माणसं क्वार्टरमध्ये, म्हणून मराठवाडा मागास." खाली अकरा अंगठे. त्यात दोन मास्तर, एक डॉक्टर, आणि एक असा की ज्याच्या आईनं लोकांच्या रानात कापूस वेचून त्याला शिकवलं. त्यानं पण अंगठा दिलाय.

दुपारपर्यंत गप्प बसलो. तिथं लिहिलं असतं तर दोस्ती तुटली असती. इथं लिहितोय, कारण तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला फोड करून सांगावं लागत नाही.

मला राग आलाय तो 'विकल्या' ह्या शब्दाचा. हा शब्द वाचला की मला एक मावशी दिसते.

२०१२ च्या फेब्रुवारीत माझे चुलते, आम्ही नाना म्हणतो त्यांना, पंचायत समितीला उभे होते. मानवत तालुका, जिल्हा परभणी. अपक्ष. दहा एकर कोरडवाहू आणि बजाजची एक जुनी एम-एटी, एवढीच इस्टेट. पैसे कुठून आणायचे? तर गावानं वर्गणी केली, सप्त्याला करतो तशी. माझी चुलतबहीण तेव्हा बारावीला होती, तिनं हिशोब लिहिला. लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. नाव, रक्कम, तारीख. कुणाचे पाच, कुणाचे अकरा, कुणाचे एक्कावन्न. सगळ्यात मोठी रक्कम दोन हजार, ती नानांच्या साडूची. असे अठ्ठावन्न हजार चारशे वीस रुपये जमले.

त्या वहीत आमच्या गल्लीतल्या मावशीचे एकवीस रुपये आहेत. रोजानं रानात जाणारी बाई. तेव्हा बायांची हजेरी शंभर-सव्वाशे होती. ती आली, पदराची गाठ सोडली, पैसे मोजले आणि ताईला म्हणाली, "माझं नाव नीट लिही, नवऱ्याचं नको लिहू."

मग आली कत्तलीची रात्र. मतदानाच्या आदल्या रात्रीला आपल्याकडं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. समोरच्या उमेदवाराच्या मागं एक गुत्तेदार होता, त्याच्या दोन जीपा रात्री अकरानंतर गल्लीत फिरल्या. घरटी मतं मोजून नोटा. मावशीच्या घरात एक मत, एक पाचशेची नोट.

सकाळी सहाला मावशी आमच्या दारात. नाना दाढी करत होते. तिनं नोट त्यांच्यापुढं धरली. रडत होती. म्हणाली, "नाना, नातू रात्रीपासून तापानं फणफणलाय. ही ठिवू का?" नानांनी तोंडावरचा फेस पुसला. म्हणाले, "ठिव. पोराला आधी दवाखान्यात ने, मताचं मागून बगू."

तिनं कुणाला मत दिलं ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुणाची होणार होती? नाना पडले. चांगले सपाटून पडले.

आता मला सांगा, ह्या बाईला तुम्ही विकाऊ म्हणणार? आणि त्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला काय म्हणणार? तुम्ही त्याला साहेब म्हणता. त्याच्या पोरीच्या लग्नाला जाता, आहेर करता, सोबत फोटो काढून इथं टाकता. मी दोन-तीन जणांचे बघितलेत.

पैसे घेणं गुन्हा आहे. कायद्यात देणारा आणि घेणारा दोघं दोषी आहेत, मला माहीत आहे. घेऊ नयेच. झालं, एवढं मान्य. पण पाचशे घेणारीवर बोलताना आपला आवाज जेवढा चढतो तेवढा पाच कोटी देणाऱ्यावर बोलताना का चढत नाही?

कारण उमेदवार ते पैसे स्वतःच्या खिशातून वाटत नाही. ही साधी गोष्ट आपण विसरतो. त्याला कुणीतरी दिलेले असतात. वाळूवाला देतो, गुत्तेदार देतो, कुणी शिक्षण संस्थावाला देतो. ज्यानं दिले त्याचं देणं तो पाच वर्षं फेडत राहतो. आपलं देणं त्याच्याकडं काहीच राहत नाही, कारण आपल्याला पाचशे देऊन त्यानं हिशोब मिटवलेला असतो. आमच्या गावाचा रस्ता पुढच्या वर्षी झाला. गुत्ता कुणाला गेला ते सांगायची गरज आहे का? पहिल्या पावसात खडी उघडी पडली. मावशीच्या नातवाला घेऊन दवाखान्यात जायचं तर तोच रस्ता आहे. पाचशे रुपये तिनं असे परत केले, खड्ड्याखड्ड्यानं.

आणि कागदावर सगळं कसं स्वच्छ. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा. सगळे देतात. चहाचे कप, मंडपाच्या खुर्च्या, गाड्यांचं डिझेल, सगळं मर्यादेच्या आत बसवलेलं. पण पक्षानं किती खर्च करावा ह्याला मर्यादाच नाही! म्हणजे घराला कुलूप लावायचं आणि मागची भिंत पाडून ठेवायची.

नानांच्या वहीकडं परत येतो. पडल्यावर आठ दिवसांनी नानांनी मारुतीच्या पारावर गाव बोलावलं. लोकांना वाटलं, रडायला बोलावलंय. त्यांनी ताईला वही वाचायला लावली. पहिल्या पानापासून. आलेले किती, गेले कशात. पत्रकं, डिझेल, बूथवरच्या पोरांचं जेवण. मावशीचं नाव आलं तेव्हा ती मागं उभी होती, तिनं पदर नीट केला. नऊशे साठ रुपये उरले होते, ते सप्त्याला दिले. दीड तासात सगळा हिशोब झाला. बारावीची पोरगी, चिमणीचा उजेड, कारण लाइट गेलेली.

आता मोठ्यांची वही बघा. २०१८ ला निवडणूक रोखे आले. कंपनीनं स्टेट बँकेतून रोखे घ्यायचे, पक्षाला द्यायचे, पक्षानं १५ दिवसांत वटवायचे. कुणी कुणाला दिले हे आपल्याला कळणार नाही. कंपनीनं नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी अशी अट होती, ती पण २०१७ लाच काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकत होती. तोट्यातला माणूस देणग्या कशाला वाटेल हो? आपण तोट्यात असलो की सोसायटीचा हप्ता थकतो.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ही सगळी योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा हक्क आहे म्हणाले. बँकेला सांगितलं, माहिती द्या. तर बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली! म्हणजे लोकसभेची मतमोजणी होऊन गेल्यावर. २२,२१७ रोख्यांचा हिशोब लावायला देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेला एवढे महिने. कोर्टानं मुदत नाकारली, आणि तीन दिवसांत यादी बाहेर आली. आली ना? मग आधी काय अडचण होती?

मी ती यादी त्या रात्री मोबाईलवर बघत बसलो होतो. एक लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटी. हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. लॉटरीला परवाना सरकारचा, धरणं-बोगद्यांची कामं सरकारची. भाजपला सहा हजार कोटींच्या वर गेले. तृणमूल आणि काँग्रेसला पण हजार-हजार कोटींच्या पुढं. त्यामुळं कमेंटमध्ये पक्षाची भांडणं आणू नका, मी काढून टाकीन.

यादीत एकवीस रुपयेवाली कुणी नव्हती. रोखाच मुळात हजाराच्या खाली मिळत नव्हता.

रोख्यांची बाजू घेणारे म्हणायचे की देणाऱ्याचं नाव फुटलं तर दुसरा पक्ष त्याला त्रास देईल, म्हणून नाव झाकायचं. इथं मला थोडं थांबावं लागतं. कारण नानांच्या वहीतसुद्धा एक ओळ बिननावाची आहे.

"एक जण – ५००."

तो माणूस मास्तर होता एवढंच मला माहीत आहे. समोरच्या उमेदवाराच्या संस्थेत नोकरी. रात्री सायकलवर आला, पैसे दिले आणि म्हणाला, नाव लिहू नका, घरी लेकरं आहेत. ताईनं पारावर ती ओळ तशीच वाचली. "एक जण, पाचशे." कुणी काही विचारलं नाही. म्हणजे झाकायची गरज पडते कधी कधी, नाही म्हणत नाही. पण पाचशे देऊन ज्याची नोकरी जाऊ शकते त्याला झाकणं वेगळं, आणि शंभर कोटी देऊन जो मंत्र्याच्या केबिनमध्ये न विचारता जाऊ शकतो त्याला झाकणं वेगळं. कोर्टानं पण हेच म्हटलंय, की राजकीय मत खाजगी ठेवायचा हक्क आहे, पण धोरण वळवायला दिलेल्या पैशाला तो लागू नाही. आपल्या मास्तरनं कुठलं धोरण वळवलं असतं?

धोरण वळतं म्हणजे काय ते आपल्याइतकं कुणाला कळणार. बाहेरच्या कापसावर २०२१ पासून ११ टक्के आयात शुल्क होतं. गिरणीवाल्यांच्या संघटना ते काढा म्हणून मागं लागलेल्याच होत्या. १९ ऑगस्ट २०२५ ला काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. डिसेंबरपर्यंत! आपली वेचणी दसऱ्यापासून सुरू होते, पोटापाण्याचा कापूस नेमका त्याच तीन महिन्यांत मोंढ्यात येतो. वरून सप्टेंबरात पाण्यानं रानंच्या रानं खरवडून नेली होती. हमीभाव ८,११०, आणि आमचा पहिल्या वेचणीचा कापूस व्यापाऱ्यानं पावणेसात हजारानं नेला. सरकारच्या कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, घालायचा तर ॲपवर नोंदणी, आणि ओल १२ टक्क्यांच्या वर भरली की गाडी परत. पावसात भिजलेल्या कापसाची ओल किती भरणार?

अमेरिकेनं ५० टक्के कर लावला होता, गिरण्या अडचणीत होत्या, तिथं पण गरीबच कामाला आहेत. असेल, खरं असेल. कुणी कुणाला पैसे दिले असंही मी म्हणत नाही, माझ्याकडं तसला काही कागद नाही. माझं दुखणं एवढंच आहे की त्यांचा निरोप दिल्लीला पोचतो आणि पोचल्यावर आदेश निघतो. आपला निरोप न्यायला ज्यांना पाठवलं, ते निवडून आले त्याच रात्री दुसऱ्याचे झालेले असतात. सभागृहात मानवतच्या कापसासाठी कोण ओरडलं, मला एक नाव सांगा. ग्रुपवरच्या त्या अकरा जणांनी सांगावं.

आणि ते दीड हजार. लाडकी बहीण निवडणुकीच्या तोंडावर आणली हे शेंबडं पोर पण सांगेल. पण ती सरकारी योजना आहे, खात्यावर येते, कोण कुणाला देतंय ते दिसतं. माझ्या मायला पण येतात. ती त्यातून बीपीच्या गोळ्या आणते आणि नातीला खाऊ आणते. तिनं मत कुणाला दिलं ते माझ्या बापाला सुद्धा माहीत नाही. तिला विकली म्हणणारा माझ्यासमोर येऊन म्हणू दे.

चिडलो. जाऊ द्या.

मावशी दोन वर्षांपूर्वी वारली. नातू पुण्याला चाकणला कंपनीत आहे, कॉन्ट्रॅक्टवर. मातीला आला होता. तेव्हा नानांनी त्याला घरी नेऊन वही दाखवली, आज्जीच्या नावाचं पान. त्यानं मोबाईलवर फोटो काढून घेतला. त्याला त्या नोटेचं कुणी सांगितलं नव्हतं, नानांनी पण नाही सांगितलं. फक्त एकवीस रुपये दाखवले.

हे लिहिता लिहिता मघाशी नानांना फोन लावला. विचारलं, वही आहे का अजून. म्हणाले, "हाय की, पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्यासंगं." मग उभं राहता का ह्या वेळेस म्हटलं तर हसले. वर्गणीवर निवडणूक जिंकता येत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी उगाच भांडत नाही त्यावर.

फोन ठेवता ठेवता विचारलं, "नाना, तो एक जण कोण होता? आता तरी सांगा, चौदा वर्षं झाली."

नाना थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्याला अजून दोन वर्षं नोकरी हाय रे."